दहावा हिस्सा, पण कशाचा?

नमस्कार मंडळी! दान किती करावं असं विचारलं, की बहुतेक जण एकच आकडा सांगतात. दहा टक्के. चालेल, पण दहा टक्के कशाचे?

गाडी अडते ती इथेच. बायबलमधला दशमांश मुळात शेतातलं पीक आणि गुरंढोरं यांच्यावर होता. आज तो पगारावर धरतात आणि मग वाद घालतात, कर कापण्याआधीच्या की हातात पडणाऱ्या? शिखांचा दसवंधही कमाईचा दहावा हिस्साच. धर्माशी काही देणंघेणं नसलेल्यांनीसुद्धा हाच आकडा उचललाय. २००९ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेली 'गिव्हिंग व्हॉट वी कॅन' ही संस्था लोकांकडून उत्पन्नाच्या दहा टक्क्यांचीच प्रतिज्ञा घेते.

इस्लाममधली जकात मात्र वेगळ्या वाटेने जाते. पैशाअडक्यावर आणि सोन्याचांदीवर अडीच टक्के, आणि तेही कमाईवर नाही, तर साठलेल्या पुंजीवर. निसाब म्हणजे किमान मर्यादा; सोन्यात साधारण ८५ ग्रॅम धरतात. त्याच्या वरची पुंजी चांद्र वर्षभर हाताशी राहिली, तर जकात लागू होते.

[पडद्यावर: आले १००, गेले ९७]

आता हे बघा. एका घरात महिन्याला १०० येतात. भाडं, औषधं, हप्ते, शाळेची फी यात ९७ जातात. दशमांश द्यायचा तर या माणसाला ७ उसने काढावे लागतील! जकातीच्या हिशोबाने त्याच्याकडे काही साठलंच नाही, त्यामुळे देणंही नाही. दुसऱ्याची कमाई शून्य, पण तिजोरीत सोन्याची बिस्किटं पडून आहेत. त्याचा दशमांश शून्य, जकात मात्र दरसाल. टक्का ठरवण्याआधी तो कशावर लावायचा हे ठरवा, असं मी म्हणतो ते यासाठी. डोक्यावर हप्ते असतील तर शिलकीवर धरा. जम बसला असेल तर सरळ कमाईवर धरा, कारण तेव्हा शिल्लक 'उरत नाही', आपणच ती उरू देत नाही.

पुढचा प्रश्न थोडा नाजूक आहे. भावाच्या मुलीची फी भरली, ते दानात धरायचं का? जकातीच्या नियमात याचं उत्तर चांगलं आहे. आईवडील आणि मुलं यांना दिलेलं जकातीत धरत नाहीत, कारण त्यांना सांभाळणं हे तुमचं कर्तव्यच आहे. गरजू भाऊ-बहीण मात्र चालतात. मला ही रेघ पटते. जे करावंच लागणार होतं, ते दानाच्या वहीत लिहायचं नाही.

वही म्हटलं, तर ती खरंच ठेवा. पगार झाला की ठरलेली रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. तिचा मोठा भाग एकदोन संस्थांना, दरमहा आणि कुठलीही अट न घालता. संस्थेला माणसांचे पगार द्यावे लागतात, वीजबिल भरावं लागतं. 'माझे पैसे फक्त वह्यापुस्तकांनाच वापरा' म्हणणाऱ्यांच्या देणगीतून ते भरता येत नाही. उरलेला भाग अचानक येणाऱ्या हाकेसाठी. दारात कुणी आलं, फोनवर कुणाच्या ऑपरेशनचा फोटो आला, की याच खात्यात बघायचं. असेल तर खात्री करून द्यायचं, फूल ना फुलाची पाकळी. नसेल तर 'या महिन्यात जमणार नाही' म्हणायचं. हे वाक्य म्हणताना जीभ अडखळत नाही, कारण ते खरं असतं.

कसं द्यावं, यावर बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या यहुदी विद्वानाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात खाली कुरकुरत देणारा. देणाऱ्या-घेणाऱ्याने एकमेकांना ओळखूच नये, ही वरून दुसरी. आणि सगळ्यात वर? कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन समोरच्याला मागायची वेळच येऊ न देणं.

राहिला वेळ. आठवड्याचे तास १६८, म्हणजे दहावा हिस्सा जवळपास १७ तास. नोकरी-घर सांभाळून हे कुणाला जमणार? इथे टक्केवारी सोडूनच द्या. दर शनिवारी दोन तास, पण न चुकता, हे पुरे. महिन्यातून कधीतरी उगवणाऱ्या स्वयंसेवकाला प्रत्येक वेळी नव्याने काम समजावण्यातच तिथल्या माणसाचा वेळ जातो. आणि मुलांना शिकवायचंय, झाडं लावायचीत असं आधीच ठरवून जाऊ नका. तिथे गेल्यावर विचारा, 'तुमचं कुठलं काम महिनोन्‌महिने पडून आहे?' बऱ्याचदा ते हिशोबाचं असतं, पावत्या लावायचं असतं, नाहीतर बंद पडलेल्या प्रिंटरचं. त्याचा फोटो काढून कुठे टाकावा असं काही नसतं.