बोलिव्हियाचा गॅस गेला कुठे?

दहा किलोचा सिलिंडर, साडेबावीस बोलिव्हियानो. ला पाझमध्ये गॅसचा ट्रक गल्लीत शिरला की माणूस पान्याने सिलिंडरवर टणटण वाजवतो आणि लोक रिकामे सिलिंडर घेऊन खाली येतात. वर्षानुवर्षं दर तोच. सरकारं आली-गेली, दर हलला नाही.

गॅस एवढा स्वस्त, म्हणजे भरपूर असणार? होताही. मग 2024 मध्ये याच देशातले ट्रकवाले डिझेलसाठी पंपावर रात्र रात्र का उभे होते?

नकाशा बघा. बोलिव्हियाला समुद्र नाही. होता, पण 1879 साली सुरू झालेल्या युद्धात चिलीने घेतला. त्यामुळे गॅस विकायचा तर पाइपातूनच, आणि गिऱ्हाईकं दोनच: ब्राझील आणि अर्जेंटिना. 2003 मध्ये चिलीच्या बंदरातून गॅस बाहेर पाठवायचा बेत निघाला, तर लोक रस्त्यावर उतरले. साठाहून जास्त माणसं मेली आणि राष्ट्राध्यक्षांना देश सोडून अमेरिका गाठावी लागली. तिथे गॅस हा काही नुसता जळणाचा विषय नाही.

1 मे 2006. नवे समाजवादी राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस सान आल्बेर्तोच्या गॅसक्षेत्रावर जातात, सोबत सैन्य, आणि राष्ट्रीयीकरणाचा हुकूम वाचतात. सगळ्यात मोठ्या क्षेत्रांच्या उत्पन्नातला सरकारचा वाटा, काही काळापुरता का होईना, 82 टक्क्यांवर गेला. बाहेरचे म्हणाले, कंपन्या पळून जातील. पळाल्या नाहीत. विहिरी खोदून तयार होत्या, पाइप टाकून झाला होता, शिवाय तेलाचे भाव चढे होते. वर्षभर शाळेत टिकलेल्या मुलाला 200 बोलिव्हियानो मिळू लागले. गरिबी खरोखर कमी झाली. ‘समाजवादाने वाट लावली’ एवढं म्हणून जे व्हिडिओ संपतात, ते हा भाग गाळतात.

घोटाळा पुढे आहे. गॅसची विहीर म्हणजे दुभती म्हैस. दूध काढत राहाल, पण पुढची पारडी वाढवायची कोणी? विहिरीतला दाब वर्षागणिक उतरतो, म्हणून उत्पादन आहे तिथेच ठेवायलाही नवं खोदावं लागतं. आणि बोलिव्हियाचा गॅस अँडीजच्या पायथ्याशी, खूप खोल. बोयुईची विहीर जवळपास 8 किलोमीटर खाली नेली, तरी विकण्याजोगा गॅस लागला नाही. खोदणाऱ्याचे पैसे पाण्यात.

आता कंपनीचा हिशोब करा. विहीर कोरडी निघाली तर नुकसान आपलं. गॅस लागला तर निम्म्याहून जास्त सरकारला. त्यातला जो देशात विकायचा, त्याचा दर निर्यातीच्या मानाने अगदीच किरकोळ. मग खोदेल कोण? जुन्या विहिरी पिळल्या गेल्या. 2014 च्या आसपास उत्पादन शिखरावर होतं, दहा वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आलं.

सरकारी कंपनीने खोदायचं होतं ना? पण पैसा सबसिडीत चालला होता. देश गॅस विकायचा आणि डिझेल विकत आणायचा. आणायचा डॉलरमध्ये, पंपावर द्यायचा 3.72 बोलिव्हियानो लिटरने. ते स्वस्त डिझेल चोरून सीमेपार जायचं, म्हणजे शेजाऱ्यांनाही सबसिडी! गॅसचे डॉलर आटले, पण डिझेलचं बिल थांबलं नाही. 2014 मध्ये परकीय गंगाजळी 15 अब्ज डॉलरच्या घरात होती, 2023 च्या अखेरीस 2 अब्जही उरली नाही. पंपावरच्या रांगा तिथून सुरू झाल्या. शेवटी डिसेंबर 2025 मध्ये नव्या सरकारने सबसिडी काढली आणि डिझेल एका फटक्यात 9.80 वर गेलं.

आणि ते गिऱ्हाईक, अर्जेंटिना? त्यांना स्वतःच्या वाका मुएर्ता नावाच्या तेल-गॅसक्षेत्रात इतका गॅस लागला की 2024 मध्ये त्यांनी बोलिव्हियाकडून घेणंच बंद केलं. एप्रिल 2025 पासून अर्जेंटिनाचा गॅस बोलिव्हियाच्याच पाइपातून ब्राझीलला जायला लागला. बोलिव्हियाला त्यातून मिळतं ते पाइपाचं भाडं.