जोडचित्रांतलं सॅन फ्रान्सिस्को

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून फोटोंबद्दल बोलायचं, तर थोडी मदत तुम्हालाही करावी लागेल. नाकासमोर वीतभर अंतरावर एक बोट धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा. बोट जागचं हललं नाही, तरी मागच्या भिंतीवर त्याने उडी मारली ना? दोन्ही डोळ्यांत जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचं अंतर, पण तेवढ्यावरच मेंदू खोली ओळखतो. स्टिरिओग्राफमध्ये हेच साधलेलं असतं. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने टिपलेली, किंचित वेगळी दोन छायाचित्रं एकाच पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी. भिंगांच्या चौकटीतून पाहिलं की दृश्य उभं राहतं. लहानपणी व्ह्यू-मास्टर हाताळला असेल, तर वेगळं सांगायला नको.

आता १८ एप्रिल १९०६ कडे जाऊ. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरलं. हादरे मिनिटभरात थांबले, आग मात्र तीन दिवस धुमसत होती. पाण्याच्या मुख्य नळवाहिन्या फुटलेल्या. अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सुलिव्हन भूकंपातच जबर जखमी झाले आणि काही दिवसांत गेले. आगीची वाट अडवायला सुरुंगाने इमारती उडवल्या, त्यातून काही ठिकाणी आग उलट पसरली. सुमारे २८,००० इमारती गेल्या, चार लाख वस्तीतले निम्म्याहून जास्त लोक उघड्यावर आले. मृतांचा सरकारी आकडा काही शेकड्यांचा होता. आज तो ३,००० च्या वर मानतात.

अंडरवूड अँड अंडरवूड, कीस्टोन अशा कंपन्यांनी या विध्वंसाची जोडचित्रं, म्हणजे स्टिरिओग्राफ, घरोघरी विकली. ऐकायला क्रूर वाटेल, पण पडझड या कॅमेऱ्याला फार मानवते. साध्या फोटोत विटांचा ढीग म्हणजे नुसता करडा डाग. इथे जवळची मोडकी भिंत पुढे येते, तिच्या भगदाडातून पलीकडचा रस्ता दिसतो आणि पार मागे सिटी हॉलचा घुमट, दगड गळून सांगाडा उरलेला. मला स्वतःला मात्र रस्त्यावरच्या चुली जास्त धरून ठेवतात. धुरांडी तडकलेली, त्यामुळे तपासणी होईपर्यंत घरात विस्तव पेटवायला बंदी. म्हणून सगळ्यांचा स्वयंपाक फूटपाथवर.

रंगीत छायाचित्रणाचे प्रयोग करणाऱ्या फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या भग्न शहराची रंगीत जोडचित्रं घेतली. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या संग्रहात ती पडून होती. एका स्वयंसेवकाच्या नजरेला पडली आणि २०११ मध्ये जगासमोर आली.

आणि मग पैशाचं राजकारण. विमा बहुतेकांचा आगीचा होता, भूकंपाचा नव्हे. घर आधी कोसळलं की आधी जळलं, यावर विमा कंपन्या आणि घरमालक भांडत राहिले. शहराच्या धुरीणांनाही ‘आगीत गेलं’ असंच म्हणणं सोयीचं होतं. आग कुठेही लागते, पण भूकंपाच्या जागी पैसा कोण गुंतवणार? राख झाल्यावर काढलेल्या फोटोत या वादाचा निकाल लागत नाही. हॉवर्ड स्ट्रीटवरच्या लाकडी घरांचं चित्र वेगळं: एकमेकांवर रेललेली, पण न जळलेली. तिथे दोष जमिनीचाच. त्यामुळे असं एखादं कार्ड समोर आलं, की मी आधी भिंतीवर काजळी आहे का ते बघते.