रोध शून्य, तरी कॉइल तापते

(सोलापुरात विद्यार्थी आणि वीजक्षेत्रातील मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

सोलापूरकर मंडळी, नमस्कार.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी समकालिक जोडलं गेलं. तेव्हापासून सगळ्या देशाचा करंट मिळून सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. हे दिशा बदलणंच अतिवाहक तारेला, म्हणजे खूप थंड केल्यावर जिचा रोध शून्य होतो अशा तारेला, महागात पडतं.

पारा ४.२ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केला की त्याचा रोध नाहीसा होतो, हे डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी १९११ मध्ये लायडनला पाहिलं. आज बहुतेक एमआरआय यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची कॉइल असते. एकदा करंट सोडून टोकं जोडली की तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. मग विद्यार्थी विचारतात, ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी अशाच का करत नाही? कारण एमआरआयमधला करंट डीसी, म्हणजे एकाच दिशेचा असतो; ट्रान्सफॉर्मरमधला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा.

कॉइलसाठी जे अतिवाहक वापरतात, त्यांच्यात चुंबकीय क्षेत्र बारीक रेषांच्या रूपात शिरतं. हे चित्र अब्रिकोसोव यांनी १९५७ मध्ये मांडलं. करंट वाढला की त्या रेषा सरकायला बघतात, आणि सरकल्या की ऊर्जा जाते. म्हणून तार बनवणारे मुद्दाम तिच्यात सूक्ष्म दोष ठेवतात. रेषा त्या दोषांत अडकतात आणि तार जास्त करंट सोसते. डीसीला हे उत्तम. एसीत मात्र त्याच अडकलेल्या रेषा दर आवर्तनाला उपटून आत-बाहेर ओढाव्या लागतात, आणि प्रत्येक ओढीची उष्णता होते. तारेचा जो गुण, त्यातूनच तिचा तोटा. या विषयातली सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात छळणारी गोष्ट मला हीच वाटते.

हा तोटा मोजायचं सोपं गणित बीन यांनी १९६२ मध्ये दिलं. क्षेत्र पुरेसं मोठं असेल, तर मीटरमागे एका आवर्तनाचा तोटा म्हणजे पट्टीची, म्हणजे चपट्या तारेची रुंदी, तिचा क्रांतिक करंट (रोध न येता ती जास्तीत जास्त सोसते तो) आणि क्षेत्राचं शिखरमूल्य यांचा गुणाकार. आज जी सिरॅमिक अतिवाहकाची पट्टी मिळते, ती घ्या. रुंदी ४ मिलिमीटर, क्रांतिक करंट १०० अँपिअर, पट्टीच्या रुंद अंगावर काटकोनात येणारं क्षेत्र ०.१ टेस्ला. गुणाकार ०.०४ जूल. पन्नास हर्ट्झला झाले मीटरमागे २ वॉट.

दोनच वॉट, असं म्हणू नका. ही पट्टी ७७ केल्विनच्या, म्हणजे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेली आहे. मे महिन्यात आपल्याकडे ४२ अंश असताना तिथला एक वॉट बाहेर काढायला आदर्श शीतयंत्रालासुद्धा तीन वॉट लागतात. प्रत्यक्षातल्या यंत्राला दहा ते वीस. पंधरा धरले तर आपले दोनाचे तीस वॉट झाले. आता ३० चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घ्या. १०० अँपिअरला ती मीटरमागे सुमारे सहा वॉट खाते. म्हणजे विचार न करता गुंडाळलेली अतिवाहक कॉइल तांब्यापुढे सपशेल हरते.

सूत्रात रुंदी आहे, तिथेच उपाय आहे. पट्टीवरचा अतिवाहक थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाड असतो. क्षेत्र पट्टीला समांतर असेल तर त्याला ही जाडीच दिसते, आणि तोटा हजारो पटींनी उतरतो. कॉइलच्या मधल्या वेढ्यांत हे बरंचसं साधतं. टोकांना क्षेत्ररेषा वळतात आणि रुंद अंगावर आदळतात; जास्त तोटा तिथल्या वेढ्यांत होतो. म्हणून टोकांजवळ चुंबकीय पदार्थाचे तुकडे बसवून रेषा वळवतात.

दुसरा उपाय एका तारेऐवजी तांब्यात बसवलेले अनेक बारीक अतिवाहक तंतू वापरण्याचा. पण तांब्यात शेजारी शेजारी ठेवलेले तंतू बदलत्या क्षेत्रात तांब्यातून एकमेकांना करंट देतात आणि पुन्हा एकाच जाड तारेसारखे वागतात. त्यावर तोड म्हणजे पीळ. सोलापुरात पीळ समजावून सांगायची गरज नाही. सुताला तो बळकटीसाठी देतात, इथे दर अर्ध्या पिळाला दोन तंतूंमधलं वेटोळं उलटं होतं आणि त्यातले विद्युतदाब एकमेकांना मारतात. नायोबियम-टायटॅनियमला हे जमतं, कारण तो धातू आहे. सिरॅमिकच्या पट्टीवर लेझरने चिरे पाडून दहा पट्ट्या करता येतात, पण त्यांना तसा पीळ देता येत नाही. आज खरी झटापट या ठिकाणी चालू आहे, आणि तरुणांनी इथे हात घालावा असं मला मनापासून वाटतं.

हात घालायचा तर आधी हा तोटा मोजायला शिका. विजेच्या मार्गाने मोजताना कॉइलचा प्रेरित विद्युतदाब इतका मोठा असतो, की फेजमधली, म्हणजे करंट आणि दाब यांच्या वेळेतल्या फरकाची, किंचित चूकही आकडा बिघडवते. नायट्रोजनची वाफ मोजणं जास्त भरवशाचं. एका वॉटला मिनिटाला साधारण पाव लिटर वायू निघतो. भांड्याचं तोंड बंद करून नळी फ्लोमीटरला, म्हणजे वायूचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्राला जोडा. करंट सोडण्याआधी नुसतं भांडं तसंच राहू द्या. बाहेरच्या उष्णतेने उकळणारा नायट्रोजन किती, ते पाहा, आकडा स्थिर होऊ द्या. तो वजा केल्यावर जे उरेल, ते तुमच्या कॉइलचं.