पेरूतली माशी ओळखताना

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. येताना मंडईतून अर्धा किलो पेरू घेतले. त्यातला हा एक मुद्दाम निवडलाय. देठाच्या खाली टाचणी टोचल्यासारखा बारीक ठिपका आहे आणि त्याच्या भोवतीची साल जरा दबून तपकिरी झालीय. आता कापते. गर पाणथळ झालाय आणि आत पांढऱ्या अळ्या आहेत. त्यातली ही एक ताटलीत ठेवली. पुढच्या रांगेतल्यांनी नीट बघा, ती डोकं आणि शेपूट एकत्र आणून वळते, ताणते आणि टुणकन वीतभर लांब उडते! पावसाळ्यात हे घरोघरी दिसतं. 'पेरूला माशी लागली' असं म्हणून आपण तो पेरू टाकून देतो. पण लागली ती कोणती माशी?

आधी एक घोळ निस्तरू. ओट्यावरच्या केळ्यांभोवती घोंघावणारी ती लाल डोळ्यांची चिलटं या माश्यांपैकी नव्हेत. त्यांनाही फळमाशीच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. चिलट जातं आंबलेल्या फळाकडे. आपली माशी झाडावरच्या धडधाकट फळाला सुईसारख्या नळीने भोक पाडून आत अंडी घालते. आकारही वेगळा. ही जवळजवळ घरमाशीएवढी आणि कंबर बारीक, त्यामुळे पहिल्या नजरेत गांधीलमाशीचं पिल्लू वाटते.

आपल्या भागात फळांवर भेटणाऱ्या मुख्य तिघी म्हणजे बॅक्ट्रोसेरा या एकाच कुळनावाच्या तीन जाती: डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा. चौथी काकडी-कारल्यावरची, तिचं नाव झ्युगोडेकस कुकर्बिटी. चौथी सर्वांत सोपी. बाकी तिघींच्या पाठीवर दोन पिवळे पट्टे असतात, दोन कडांना एकेक. हिच्या पाठीवर मधोमध तिसराही असतो. शिवाय पंखावर आडवा गडद पट्टा असतो आणि पंखाच्या टोकाला मोठा डाग. भिंग नसलं तरी ओळखू येते.

खरं काम त्या तिघींचं. पंख उजेडासमोर धरा. डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेने एक अरुंद तपकिरी रेघ थेट टोकापर्यंत सलग जाते. झोनाटाच्या पंखाला ती सलग रेघ नसते, टोकाला फक्त एक सुटा ठिपका असतो. करेक्टाचाही पंख साधारण असाच, रेघ तुटलेली आणि टोकाला ठिपका. म्हणजे पंखावरून डॉर्सालिस बाजूला निघाली, पण या दोघी अजून एकत्रच आहेत. आता चेहरा बघायचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मिशांच्या खाली बघा. झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन गोल काळे ठिपके असतात, एकमेकांपासून सुटे. करेक्टाचे ठिपके आडवे पसरलेले, मध्ये जवळजवळ भिडलेले, जणू एक आडवी काळी रेघच. मला ही खूण फार आवडते. इतक्या लहान जिवाच्या तोंडावर अशी स्पष्ट सही असावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, रंग का नाही सांगितला? पुस्तकात तर लिहिलेलं असतं, झोनाटा तांबूस, डॉर्सालिस काळपट. बरोबर आहे. पण रंगाने मला एकदा फसवलंय, म्हणून तो शेवटी ठेवलाय. शिकत असताना मी काचेच्या बरणीत वाळू घातली, वर किडके पेरू ठेवले आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं. अळ्या वाळूत उतरल्या, कोष झाले आणि एका सकाळी फडक्याला माश्या चिकटलेल्या दिसल्या. आनंदाच्या भरात त्या मी त्याच दिवशी मारून टाचणीला लावल्या. सगळ्या फिकट तांबूस होत्या, म्हणून चिठ्ठीवर 'झोनाटा' लिहून मोकळी झाले. महिन्याभराने पंख भिंगाखाली धरले, तर कडेला सलग रेघ! फिकट होती, पण टोकापर्यंत होती. त्या डॉर्सालिस होत्या. कोषातून नुकत्याच निघालेल्या माशीचा रंग भरलेला नसतो. तिला साखर-पाणी देऊन तीन-चार दिवस जगू द्यावं लागतं. मी तेवढी कळ काढली नव्हती. ती पूर्ण खोकी मला बाद करावी लागली.

आणि पूर्ण वाढलेल्या डॉर्सालिसच्या पाठीचा रंगही एकसारखा नसतो. काळाकुट्टपासून तांबूस तपकिरीपर्यंत सगळ्या छटा मिळतात. याच रंगापायी जगातले जाणकारही अडले. 2003 साली केनियात आंब्यावर एक माशी सापडली आणि 2005 मध्ये तिला इन्व्हेडन्स या नावाने नवी जात ठरवलं गेलं. पाठीवरच्या रंगाची चढउतार ही तिची एक ठळक खूण मानली होती. मग शरीराची मापं, डीएनए, आपसातलं मीलन, सगळं तपासलं गेलं, आणि 2015 मध्ये ठरलं की ही डॉर्सालिसच आहे. पापाये आणि फिलिपिनेन्सिस या आणखी दोन 'जाती'ही तिच्यातच विलीन झाल्या. मात्र कॅरांबोली ही अगदी तशीच दिसणारी माशी तपासणीत वेगळीच टिकली. सारखं दिसणं म्हणजे एकच जात असं नाही, आणि वेगळं दिसणं म्हणजे दोन जाती असंही नाही.

हे सगळं कशासाठी, असं एका शेतकरी भावांनी मघाशी विचारलं. त्यांनी कारल्याच्या मांडवात मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाचा सापळा टांगला होता आणि हंगामभर कारली सडतच राहिली. सापळ्यात माश्या पडत होत्या, पण त्या आसपासच्या आंबा-पेरूच्या होत्या. डॉर्सालिस, झोनाटा, करेक्टा या तिघींचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासाने येतात. कारल्याच्या माशीचे नर त्याला भुलत नाहीत, त्यांना क्यू ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. माशी ओळखली असती तर तो हंगाम वाचला असता. मिथाइल युजेनॉलच्या या ओढीचा शोध आपल्याच देशात लागला. बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञांनी 1912 मध्ये सिट्रोनेला तेलावर फळमाश्यांचे नर जमतात हे नोंदवलं, आणि पुढे त्यातला नेमका पदार्थ मिथाइल युजेनॉल असल्याचं दाखवलं. तो तुळशीतही असतो. अंगणातल्या तुळशीवर सकाळी थोडा वेळ लक्ष ठेवा, एखादा नर पानावर बसलेला दिसेल.

फक्त एवढं ध्यानात असू द्या की सापळ्यात नर येतात. फळ पोखरणाऱ्या अळ्यांची अंडी घालते ती मादी, आणि तिला बघायचं तर किडकं फळ घरी आणून त्यातल्या अळ्या वाढवणं हा सोपा मार्ग. आपला आंबाही या माश्यांपायी अडला होता. 2014 च्या मे महिन्यापासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला बंदी घातली, कारण खेपांमध्ये फळमाश्या सापडत होत्या. 2015 च्या सुरुवातीला ती उठली.

आता बोलणं पुरे. बाहेर टेबलावर तीन सूक्ष्मदर्शक मांडलेत आणि चार डब्यांत माश्या आहेत, नावं मुद्दाम झाकलेली. आधी पंख बघा, मग चेहरा, मग पाठ आणि रंग शेवटी. आणि घरी पेरूतून माशी निघाली तर ती अल्कोहोलच्या लहान बाटलीत ठेवा. आत जाड कागदाची चिठ्ठी टाका. त्यावर तारीख, गाव, कोणतं फळ आणि कोणी गोळा केली हे लिहा. पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. अशा बाटल्या जमल्या की मला आणून द्या, आपण एकत्र बसून बघू.