इतिहासपट माणसं कधी जोडतो?

मित्रहो, ऐतिहासिक चित्रपटामुळे देशात एकी वाढते का, असं विचारलं की आपण चटकन ‘हो’ म्हणतो. पडद्यावर तलवार उपसली जाते, शिट्ट्या पडतात आणि दोन-अडीच तास अख्खं थिएटर एका सुरात असतं. तो उत्साह खोटा नसतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण समोर शत्रू उभा केला की एकत्र येणं सोपं असतं. खेळ सुटल्यावर शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं आडनाव कळतं, त्याची जात, त्याचा धर्म कळतो. तेव्हाही ती एकी टिकली, तर चित्रपटाने काही कमावलं असं मी म्हणेन.

त्यासाठी मी रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ निवडला आहे. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात काम करणाऱ्या मोतीलाल कोठारींनी १९६२ मध्ये त्यांना या विषयाकडे वळवलं आणि चित्रपट लोकांपुढे आला १९८२ मध्ये. वीस वर्षं! दिग्दर्शक इंग्रज, पण पैशाचा मोठा वाटा आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा. कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी, गोपाळ कृष्ण गोखले झाले डॉ. श्रीराम लागू. वेशभूषेचं ऑस्कर मिळालं ते जॉन मोलो आणि आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. बॅरिस्टरचा कडक सूट ते गुडघ्यापर्यंतचा पंचा, हा गांधींचा सगळा प्रवास त्या कपड्यांतून दिसतो.

या चित्रपटाचं नाव निघालं की सगळे अंत्ययात्रेबद्दल बोलतात. ती चित्रित झाली ३१ जानेवारी १९८१ रोजी, दिल्लीच्या राजपथावर. खऱ्या अंत्ययात्रेला बरोबर ३३ वर्षं झाली त्या दिवशी. तीन लाखांवर माणसं जमली होती आणि त्यातले बरेचसे आपणहून आलेले. एवढं सगळं पडद्यावर जेमतेम दोन मिनिटं दिसतं. दृश्य भव्य आहे, वादच नाही. पण माझ्या मते हा चित्रपट माणसं जोडतो तो तिथे नाही. ते काम ज्या प्रसंगात होतं, तिथे बोलणारी माणसं दोनच आहेत.

१९४७ चं कलकत्ता. दंगली पेटलेल्या, गांधी उपोषणाने खाटेला खिळलेले. ओम पुरींचा नहारी गर्दीतून पुढे घुसतो आणि त्यांच्या अंगावर भाकरीचा तुकडा फेकतो: खा! मी नरकात जाणारच आहे, तुझ्या मरणाचं पाप आणखी डोक्यावर नको. मग तो सांगतो, मी एक पोर भिंतीवर आपटून मारलं. का? तर मुसलमानांनी माझा मुलगा मारला म्हणून. मुलगा केवढा होता, ते तो हाताने दाखवतो. गांधी क्षीण आवाजात सांगतात, नरकातून बाहेर पडायची एक वाट मला ठाऊक आहे. आईबाप मारले गेलेत असं तेवढंच पोर शोध आणि आपलं म्हणून वाढव. मात्र ते मुसलमानाचं असू दे आणि मुसलमान म्हणूनच वाढव. नहारी आधी पाठ फिरवतो, मग कोसळतो आणि रडत त्यांच्याजवळ येतो.

नहारी हे पात्र पटकथेतलं. उपोषण मात्र खरं, बेलियाघाटच्या हैदरी मंझिलमधलं, १ सप्टेंबरला सुरू झालेलं. शहरातल्या पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिल्यावर ते चौथ्या दिवशी सुटलं. या प्रसंगात गांधी त्या बापाचं दुःख नाकारत नाहीत, झालं गेलं विसर असंही म्हणत नाहीत. पोराला आपल्यासारखं करून घे, असंही नाही. तो वेगळा आहे, वेगळाच राहील, आणि तरीही तो तुझा. राष्ट्रीय एकात्मतेवर शाळेत आपण किती निबंध लिहिले! त्यातल्या एकानेही इतकं अवघड काम कुणाला सांगितलं नव्हतं.

आता याच चित्रपटाची मोठी उणीव. तीन तासांहून लांब असलेल्या या पटात डॉ. आंबेडकर कुठेच नाहीत. गांधींचं येरवडा तुरुंगातलं उपोषण नाही, दलितांच्या राखीव जागांवरून आंबेडकरांशी झालेला १९३२ चा पुणे करार नाही. देशाची गोष्ट म्हणून जे दाखवलं जातं त्यात आपण नाहीच, हे ज्याला जाणवलं, त्याला एकीचं आवाहन कोणत्या तोंडाने करायचं?

ती जागा जब्बार पटेलांनी २००० मध्ये आलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाने भरली. बाबासाहेब साकारले केरळच्या मामुट्टींनी, गांधी झाले मोहन गोखले. महाडचं पाणी, काळारामाचा सत्याग्रह, गांधींशी झालेली खडाजंगी, सगळं त्यात आहे. तमिळ आवृत्ती चित्रगृहांत यायला मात्र २०१० उजाडलं, याचं मला आजही वाईट वाटतं. असल्या चित्रपटांनी जुन्या जखमा उकरल्या जातात, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याच्या अंगावर जखम आहे त्याला ती रोज दिसते. बाकीच्यांना ती चित्रपटामुळे कळते.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या कॉलेजात, वाचनालयात, गणेश मंडळात किंवा भीमजयंतीला हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दिवशी दाखवा. दुसऱ्या दिवशी खेळ संपला की लगेच घरी पळू नका. दिवे लावा, खुर्च्या गोल मांडा आणि पुणे कराराच्या प्रसंगावर आधी बोलायला दलित वस्तीतल्या मुलामुलींना सांगा. बाकीच्यांनी तेवढा वेळ ऐकायचं.