गिअर कानाने पडतो

हेवीचं लायसन हातात घेऊन तुम्ही इथे बसलाय, म्हणजे पहिल्यापासून टॉपपर्यंत गिअर टाकत जाणं तुम्हाला येतं. गाडी वेग घेत जाते, आपण टाकत जातो, थोडं चुकलं तरी निभावतं. टॉपवरून खाली येताना मात्र निभावत नाही. म्हणून आज मी एवढ्यावरच बोलणार आहे: भरलेल्या गाडीचा गिअर खाली कसा घ्यायचा, आणि त्याहून महत्त्वाचं, कुठे घ्यायचा.

गिअरबॉक्सच्या आत काय चालतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. एक बाजू चाकांना बांधलेली, दुसरी इंजिनकडून येणारी. दोन्ही फिरताहेत. एकीचे दात दुसरीत बसायचे तर दोघींचा वेग जुळला पाहिजे. चालत्या एसटीत चढणारा माणूस चार पावलं तिच्याबरोबर पळतो आणि मग दांडा धरतो ना, तसं. समजा चौथ्या गिअरचं प्रमाण दीड आहे, म्हणजे चाकांकडच्या बाजूच्या एका फेऱ्याला इंजिनचे दीड फेरे, आणि तिसऱ्याचं अडीच. चौथ्यात आरपीएमचा काटा, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, १२०० वर आहे. गाडीचा वेग तोच असताना तिसरा टाकायचा तर काटा २००० वर हवा. मधले ८०० फेरे तुमच्या उजव्या पायाने द्यायचे आहेत.

ते देण्याची रीत म्हणजे डबल क्लच. क्लच दाबा, दांडी न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. आता रेस द्या. क्लच सोडलेला आहे म्हणून इंजिनबरोबर बॉक्समधला शाफ्टही वेग घेतो. क्लच दाबून ठेवून रेस दिली तर नुसतं इंजिन ओरडतं, आत काही पोचत नाही. आवाज हवा तेवढा चढला की पुन्हा क्लच, आणि दांडी तिसऱ्यात. वेग जुळला असेल तर दोन बोटांनी ओढलेली दांडी आपोआप आत जाते. जोर लावावा लागला तर समजा वेग जुळलेला नाही. तिथे ढकलू नका, रेस दुरुस्त करा.

आता बहुतेक गाड्यांना सिंक्रो आहे, मग हे कशाला, असं मला नेहमी विचारतात. सिंक्रोची रिंग घासून वेग जुळवते. फरक थोडा असेल तर छान जुळवते. फरक मोठा, गाडी भरलेली, रिंग झिजलेली, अशा वेळी ती हात टेकते, आणि ती वेळ उतारावरच येते. माझ्यावर आलेली सांगतो.

१९९२ साल. कराडहून साखर भरून चिपळूणला निघालो होतो. शंभर किलोची शंभर पोती, म्हणजे दहा टन. शेजारी उस्ताद, मागे क्लीनर. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला, आणि मी चौथ्यातच उतरायला लागलो. दोन वळणांनंतर गाडी अंगावर यायला लागली, तेव्हा मला तिसरा आठवला. क्लच दाबला, दांडी काढली आणि सरळ तिसऱ्यावर ढकलली. खर्रर्र. पुन्हा ढकलली, पुन्हा खर्रर्र. एवढ्या वेळात गाडी मोकळी सुटली होती, आणि वेग वाढत होता तसा तिसरा आणखी लांब जात होता. चढावर उलटं असतं. तिथे न्यूट्रलमध्ये गाडीचा वेग पडत जातो, जुळणी आपल्याकडे येत राहते, फक्त हात लवकर चालला पाहिजे. उतारावर थांबाल तेवढी ती पळते.

उस्ताद ओरडले नाहीत. म्हणाले, "तिसरा विसर. रेस दे, परत चौथा टाक." चौथ्याला कमी फेरे लागतात, म्हणून तो पडला. मग त्यांनी ब्रेक एकदा नीट दाबून गाडी पार हळू करायला लावली, आणि तेव्हा कुठे तिसरा गेला. पोफळीला खाली थांबलो तर चाकांतून धूर येत होता आणि ब्रेकचा लायनर जळल्याचा तो वास. क्लीनर पाण्याची बादली घेऊन धावला. उस्तादांनी त्याचा हात धरला. लालबुंद तापलेल्या ब्रेकच्या ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रमला तडा जातो. चाकांखाली ठोकळे अडकवून आम्ही तासभर नुसते बसून राहिलो.

हा धूर कशाचा, त्याचा हिशोब करा. २५ टनांची गाडी ४०० मीटर खाली उतरते तेव्हा जी उष्णता निघते, तिच्यावर तीनशे लिटरच्या वर पाणी उकळेल. दोनशे लिटरचे दीड पिंप. खंडाळ्याहून खोपोलीला येणारी गाडी इतकी तर उतरतेच. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर ड्रम तापून फुगतो, लायनर पकड सोडतो, पाय फळीला टेकतो आणि गाडी चालतच राहते. लहान गिअरमध्ये तोच भार इंजिन अडवून धरतं. डिझेल इंजिन एकटं फार अडवत नाही, म्हणून इंजिनचा धूर अडवून गाडी आवरणारा एग्झॉस्ट ब्रेक दिलाय, आणि तोही फेरे चढे असले तरच जोर धरतो. फक्त काटा लाल पट्टीत जाऊ देऊ नका. उतारावर चाकंच इंजिनला पळवतात, तिथे डिझेल बंद करूनही फेरे आवरत नाहीत.

म्हणून गिअर घाटमाथ्यावर घ्यायचा, सपाटीवर, गाडी हळू असताना. जुने लोक म्हणायचे, ज्या गिअरने चढलास त्यानेच उतर. त्यांच्या गाड्यांना ते बरोबर होतं. आजची इंजिनं ताकदवान आहेत, चढ मोठ्या गिअरमध्ये काढतात, त्यामुळे तुम्ही त्याहून एक लहान धरा. मग ब्रेक अधूनमधून, नीट दाबून, सोडून. सारखा पाय ठेवायचा नाही. सारखं फुकफुक दाबायचंही नाही, त्यात ब्रेकच्या टाकीतली हवा संपते.

न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचतं असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला तर आजचा पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिनला चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काही नाही, उलट जातं, आणि हातातली गाडी जाते ती वेगळीच.

उद्या सकाळी रिकामी गाडी घेऊन सपाट रस्त्यावर जाऊ. तीसच्या वेगाने चौथ्यातून तिसरा, प्रत्येकाने वीस वेळा. आरपीएमच्या काट्यावर मी कागद चिकटवणार आहे. आवाज ऐकून टाकायचा.