पाण्यात उभी गाडी आणि तीन हजारांची पॉलिसी

नमस्कार मंडळी.

जुलै २०२१ मधली गोष्ट. कोल्हापुरातला पूर ओसरून चार दिवस झाले असतील. शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली होती. दारं सताड उघडी, सीट काढून उन्हात टाकलेल्या आणि सगळीकडे तो पुराच्या गाळाचा वास. ज्यानं घेतलाय त्याला तो सांगावा लागत नाही. नुकसान झालेल्या गाड्यांचे सर्वे करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळं त्या रांगेतली प्रत्येक गाडी मला बघायची होती. एका गाडीशी साठीतले एक गृहस्थ उभे होते. मिस्त्रीनं ऑइलची पट्टी बाहेर काढली. तिच्यावर ऑइल नव्हतंच, दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी होतं. एअर फिल्टरचा कागद भिजून लगदा झालेला. मी विचारलं, "काका, स्टार्टर मारला होता का?" त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "सायेब, एकदाच मारलाय ओ. चालू हुतीय का बघाय."

त्या एकदाच्या स्टार्टरनं इंजिन गेलं होतं. कसं, ते ऐका. इंजिनात पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना किल्ली फिरवली, की पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि त्याचा कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर तुटून ब्लॉक फोडतो. आता विम्याचं म्हणणं असं, की पुरानं भिजलेली सीट, वायरिंग, गालिचा हे पुराचं नुकसान, ते आम्ही देतो. पण इंजिन पुरानं मोडलं नाही, ते तुम्ही चालू केल्यामुळं मोडलं. काकांकडं फुल इन्शुरन्स होता, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारा, दरवर्षी न चुकता भरलेला. तरी इंजिनाचं बिल त्यांच्या अंगावर आलं. वेगळं इंजिन प्रोटेक्शन कव्हर घेतलेलं नव्हतं. एजंटनं विचारलं होतं म्हणे, पण काका म्हणाले होते, "नगं ते जादाचं, कमीत बसवा."

कमीत बसवायला माझी ना नाही. मी स्वतः बसवतो. पण पैसे कुठं वाचतात आणि कुठं नुसते वाचल्यासारखे दिसतात, हे कळायला हवं.

पहिली गोष्ट थर्ड पार्टीची. तुमच्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली, कुणी दगावलं, तर ती भरपाई थर्ड पार्टी देते. तुमच्या गाडीला तिच्यातून एक रुपया मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ती सक्तीची आहे. नसली तर पहिल्यांदा दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि हिचे दर कंपन्या ठरवत नाहीत, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. शिवाय १८ टक्के जीएसटी. म्हणून कुणी म्हणालं, आमच्याकडं थर्ड पार्टी स्वस्तात आहे, तर हसून पुढं जा. भाव करायची जागा ती नव्हे.

भाव होतो तो ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा. इथं कंपनीगणिक दर बदलतो. एकाच गाडीचे तीन ठिकाणचे आकडे घ्या, फरक दिसेलच. एक बारीक गंमत सांगतो. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकात, देशाचे दोन विभाग केले होते. पुणे, मुंबईसारखी मोठी शहरं अ विभागात, कोल्हापूर ब विभागात. ब चा दर कमी. आणि विभाग ठरतो तो गाडीची नोंदणी कुठली त्यावरून. म्हणजे आपली एमएच ०९ ची पाटी इथंही थोडी कामाला येते.

आता आकडा कमी दिसला की लगेच खूश होऊ नका. आधी पॉलिसीवर आयडीव्ही शोधा. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल, ती ही. नव्या गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घटलेली धरतात, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. पाच वर्षांनंतर ही रक्कम तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, आणि गफलत तिथंच होते. पाच लाखांच्या गाडीची आयडीव्ही चार लाख लिहिली की हप्ता हजार-दोन हजारांनी उतरतो. गिऱ्हाईक खूश, एजंट खूश. गाडी चोरीला गेल्यावर तो एक लाख कुणाकडं मागायचा?

दसऱ्याला नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी एक. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते. ओन डॅमेज मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. कागदावर मोठ्या अक्षरात तीन वर्षांची तारीख दिसते आणि माणूस निवांत होतो. त्याच रांगेत एका तरुणाची गाडी होती, २०१९ च्या दसऱ्याची. तो ठामपणे म्हणत होता, "माझा इन्शुरन्स २०२२ पर्यंत हाय." होताच की, पण थर्ड पार्टीचा. ओन डॅमेज ऑक्टोबर २०२० मध्येच संपलं होतं. मी त्याला ती ओळ बोटानं दाखवली तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता गाडीच्या बॉनेटवर टेकून उभा राहिला. अशी ओळ बोटानं दाखवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम.

नो क्लेम बोनसकडं वळू. वर्षभर क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. म्हणून क्लेम करण्याआधी पाटीवरचा हिशेब करा. समजा बंपर फुटला, चार हजारांचा. प्लास्टिकच्या भागाला ५० टक्के घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, कापतात; राहिले दोन हजार. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपये तुमच्या वाट्याचे कापतात. हातात आले हजार. आणि तुमचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता आठ हजार असेल, सूट ५० टक्के असेल, तर पुढच्या वर्षी चार हजार जादा भरायचे. हजारासाठी चार हजार! महाद्वार रोडच्या गर्दीत आरसा घासला म्हणून क्लेमचा फॉर्म भरणारे लोक मी बघितलेत.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकलीत तर कंपनीकडून तसं पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र तो गेला. आणि गेल्या वर्षी क्लेम घेऊन यंदा दुसऱ्या कंपनीत "क्लेम नाही" असं लिहून देऊ नका. कंपन्या एकमेकींना विचारतात, आणि नेमकं तुमचा मोठा क्लेम आला की विचारतात.

जादा कव्हरचं काय घ्यावं? झिरो डेप, ज्याला आपण बंपर टू बंपर म्हणतो, ते नवी गाडी आणि नवा ड्रायव्हर असेल तर घ्याच. वर सांगितलेला घसारा मग कापत नाहीत. हरवलेल्या किल्लीचं कव्हर, टायरचं कव्हर, हे मी घेत नाही. पण तुमचं घर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत असेल, नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला असेल, शिरोळ तालुक्यात असेल, तर इंजिन प्रोटेक्शन सोडू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पलीकडं गेलं होतं. गाडी बारा-चौदा वर्षांची झाली असेल, बाजारात लाखभरही येत नसेल, तर फुल इन्शुरन्सचा हट्ट नको. थर्ड पार्टीला आग आणि चोरी जोडून मिळते का, तेवढं विचारा.

दोन गोष्टी पटकन. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन जोतिबाला, पंढरपूरला माणसं नेलीत आणि अपघात झाला, तर तुमच्या गाडीचा क्लेम बसत नाही. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवरही चढवा.

आणि क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

गाडी पाण्यात सापडली तर काय करायचं, ते राहिलं. किल्लीला हात लावायचा नाही. बॅटरीची वायर काढायची, पाणी कुठवर चढलंय त्याचे फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा आणि गाडी ओढून न्यायची. ढकलून नेली तरी चालेल.

ते काका मला अजून भेटतात. इंजिन बदललं, गाडी तीच आहे. पुढच्या वर्षी त्यांनी इंजिनाचं कव्हर घेतलं. पण बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं, की ते गाडी राजारामपुरीत मेव्हण्याच्या दारात नेऊन लावतात. मी म्हटलं, "आता कव्हर आहे की काका." तर म्हणाले, "हाय की. पर मेव्हण्याचं दार फुकट हाय."